फिटनेस ट्रेनर व्हायचंय? बडोद्यातून थोडं अनुभवाचं

व्यायाम शिकवायला सर्टिफिकेट कशाला लागतं, असं दांडिया बाजारातल्या निम्म्या काका-आजोबांनी मला विचारून झालंय. त्यांचं चूक नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर हा जुना आखाडा इथलाच, तो चालवणाऱ्या प्रोफेसर माणिकरावांचं नाव घरोघरी आदराने घेतलं जातं आणि मल्लखांब, जोर-बैठका कुणी ऑनलाइन परीक्षा देऊन शिकलेलं नाही. पण आखाड्यात पोरगं लहानपणापासून उस्तादांच्या नजरेखाली वाढायचं. जिममध्ये सोमवारी फी भरून मंगळवारी उभ्या राहतात त्या पन्नाशीच्या काकू. गुडघा कुरकुरतो, बीपीची गोळी चालू आहे आणि डिसेंबरात भाचीचं लग्न आहे. त्यांना पहिल्या दिवशी काय करायला लावायचं आणि काय नाही, हे ठरवण्यासाठी शिक्षण हवं.

आपल्याकडे ट्रेनर व्हायला डॉक्टर-वकिलांसारखा कायद्याचा परवाना लागत नाही. म्हणून दंड फुगले की झाला ट्रेनर, असा कारभार चालतो. कोर्स निवडताना दोन वाटा दिसतील. एक म्हणजे देशातल्या कौशल्य परिषदेचा फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आणि दुसरी एसीई, एनएएसएम, एसीएसएम यांसारख्या अमेरिकी संस्थांची परीक्षा. या परीक्षांना तिथल्या एनसीसीए या मंडळाची मान्यता असते. कुठलाही परदेशी वाटणारा कोर्स घेण्याआधी ही मान्यता आहे का, एवढं नक्की बघा. दोन दिवसांच्या कार्यशाळेत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र देणारेही बाजारात आहेत. आणि बीपीएड ही शाळेतल्या खेळ-शिक्षकाची पदवी, तिची गल्लत करू नका.

मी एसीईची वाट धरली. वय किमान 18 पूर्ण, सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडलं तर छाती दाबणं आणि विजेचा झटका देणारं मशीन वापरणं) चालू प्रमाणपत्र आणि मग तीन तासांत 150 बहुपर्यायी प्रश्न. त्यातले 25 गुणांत धरत नाहीत, पण कुठले ते कळत नसल्याने सगळेच मन लावून सोडवावे लागतात. 800 पैकी 500 मिळाले की पास. एनएएसएमचा पेपर 120 प्रश्नांचा, दोन तासांचा.

मराठी माध्यमातून आलेल्यांना ॲनाटॉमीची धास्ती वाटते. स्नायूंची नावं पाठ करत बसू नका. प्रत्येक स्नायू कुठल्या सांध्यावरून जातो, एवढं आधी विचारा, म्हणजे काम आपोआप कळतं. मांडीच्या पुढचा रेक्टस फिमोरिस घ्या. तो खुबा आणि गुडघा अशा दोन्ही सांध्यांवरून जातो, म्हणून गुडघा सरळ करतो आणि मांडी वरही उचलतो. हे कळलं की लेग एक्स्टेंशन आणि हँगिंग लेग रेज या दोन्हीत तो का भरून येतो, ते वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. मी रात्री जेवणं झाल्यावर आईला उभं करून तिच्याच खांद्या-कमरेवर बोट ठेवून मराठीत समजावत असे. ती कंटाळायची, माझा धडा मात्र पक्का व्हायचा.

पेपरातले खरे अवघड प्रश्न व्याख्यांचे नसतात, माणसांचे असतात. समजा, 55 वर्षांचे गृहस्थ आहेत, डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिलेली आहे, बीटा-ब्लॉकर चालू आहे. चालण्याचा वेग कसा ठरवाल? 220 वजा वय, म्हणजे 165, त्याचे अमुक टक्के, असं गणित घाईत मांडलं तर फसाल. ही गोळी हृदयाचे ठोके दाबून ठेवते. माणूस धापा टाकत असेल तरी घड्याळात आकडा कमीच दिसेल आणि तुम्ही त्याला आणखी पळवाल. इथे ‘किती दमल्यासारखं वाटतंय’ ते विचारून बोर्गच्या मापावर (6 म्हणजे अजिबात दम नाही, 20 म्हणजे पुरता दम) वेग ठरवायचा. चालताना त्याला वाक्य पूर्ण बोलता येतंय का, तेही बघायचं. बडोद्यातल्या सकाळच्या बॅचमध्ये असे काका रोज भेटतात, त्यामुळे मला हा भाग पुस्तकी वाटलाच नाही.

तसंच मधुमेहाचं. सकाळी इन्सुलिन घेऊन, उपाशीपोटी, ‘चरबी जास्त जळते’ म्हणून ट्रेडमिलवर चढणारे असतात. साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. जिमच्या काउंटरवर ग्लुकोजची पुडी हवीच. पण गोळीचा डोस किती, हे सांगणं आपलं काम नाही. गुडघ्यात नक्की काय बिघडलंय तेही आपण सांगायचं नाही, त्याला डॉक्टर आणि फिजिओ आहेत. ही हद्द परीक्षेत वारंवार विचारतात आणि नोकरीत वारंवार ओलांडायला लावतात. मी काम केलेल्या एका जिममध्ये महिन्याला सप्लिमेंटचे अमुक डबे खपवायचं टार्गेट होतं. मी तिथून निघाले. शाकाहारी घरात आधी डाळ, ताक, पनीर, सोयाबीनमधल्या प्रोटीनचा हिशोब लावून बघा. डब्याचा विषय त्यानंतर. आणि रविवारची सेव-उसळ बंद करायला सांगाल तर क्लायंटच बंद होईल, हेही अनुभवाचंच बोलतेय!

सुरुवात बहुतेकांची फ्लोअर ट्रेनर म्हणूनच होते. पहाटे एक शिफ्ट, संध्याकाळी दुसरी, दुपार रिकामी. पगार बेताचा, खरी कमाई पीटीच्या, म्हणजे एकेका क्लायंटला वेगळं शिकवण्याच्या (पर्सनल ट्रेनिंग) कमिशनवर. नवरात्रात मात्र जिम ओस पडते. सगळं बडोदं गरब्यात, रात्री उशिरापर्यंत. ते नऊ दिवस गेले म्हणून रडण्यापेक्षा दीड-दोन महिने आधीपासून गरब्याची तयारी करून घ्यायला सांगा. सावकाश टाच खाली सोडत काफ रेज, एका पायावर तोल, हळूहळू वाढवत नेलेल्या छोट्या उड्या. अनवाणी गोल फिरून पोटऱ्या आणि टाचा धरतात, त्यांना याचा उपयोग होतो. माझ्याकडे पीटीला आलेल्या पहिल्या बायका याच निमित्ताने आल्या.

सर्टिफिकेट एकदा मिळालं की संपलं असं नाही. एसीईचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी 20 तासांचं पुढचं शिक्षण, शिवाय सीपीआर चालू ठेवायचं. या खर्चाची तरतूद पहिल्या पगारापासून करा. मुलाखतीला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. पीटीच्या फीमधला तुमचा वाटा किती, क्लायंटने मध्येच सोडलं तर तो कापला जातो का आणि एईडी मशीन आहे का. पहिल्या दोन गोष्टी लेखी घ्या. मशीन जाऊन डोळ्यांनी बघा, बॅटरीची तारीखसुद्धा.