हायब्रिड सायकल घेताय? आधी स्वतःचं माप घ्या

"ताई, एकवीस गिअरची घेऊ की चोवीसची?" हायब्रिड, म्हणजे रोड सायकल आणि डोंगरी सायकल यांच्या मधली सायकल, घेऊ पाहणाऱ्यांचा दर हिवाळ्यात हा फोन येतोच. थंडी पडली की नागपूरकरांना फिटनेस आठवतो, आणि ऑफिसात सायकलवर येणारी मी एकटीच असल्याने प्रश्न माझ्याकडे येतात. गिअर मोजून सायकल घेणं म्हणजे गुंड्या मोजून सदरा घेण्यासारखं आहे. सदरा आधी अंगात बसला पाहिजे.

बजेट ठरलंय, घरात जागा आहे आणि पहाटे उठायची तयारी आहे, हे धरून चालते. (मे महिन्यात सकाळी आठनंतर नागपुरात सायकल चालवणाऱ्याला सायकलीची नाही, डॉक्टरची गरज असते.)

आपले रस्ते लिहून काढा

मनातले नको, खरोखर जाणार ते. माझे सांगते. रोज अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ आणि परत. रविवारी गोरेवाड्याकडे किंवा काटोल रोडने बाहेर, आणि मन झालं तर एखाद्या पांदणीत, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेवर. म्हणजे बराचसा डांबर आणि सिमेंट, थोडे गट्टू (फरशीसारखे सिमेंटचे ठोकळे), थोडा मुरूम. तुमची यादी अशीच असेल तर हायब्रिड घ्या. दर आठवड्याला दगडगोट्यांतून उड्या मारायच्या असतील तर एमटीबी (डोंगरी सायकल) घ्या, हा लेख तुमच्यासाठी नाही.

पुढचं सस्पेन्शन नको

दुकानात पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, खालीवर दाबून दाखवतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. स्वस्त हायब्रिडमध्ये त्या नळ्यांच्या आत एक स्प्रिंग असते, बाकी विशेष काही नाही. ती दाबली जाते आणि तितक्याच जोराने परत उसळते, कारण उसळी आवरणारी यंत्रणा त्या किमतीत बसत नाही. साध्या फोर्कपेक्षा वजन किलोभर जास्त. सेमिनरी हिल्सच्या चढावर उभं राहून पेडल मारलं की तुमचा अर्धा जोर त्या स्प्रिंगला झोके देण्यात जातो. दोन पावसाळ्यांत नळ्या गंजतात आणि मग ते धड हलतही नाही. गट्ट्यांचा दणका कमी करायचं काम रुंद टायर जास्त चांगलं आणि फुकटात करतो. ट्रेक कंपनीची एफएक्स किंवा जायंट कंपनीची एस्केप या फिटनेससाठीच्या सायकली, आणि त्यांचा फोर्क साधाच असतो, तो काही कंजूषपणा नव्हे.

माप: इथेच मी फसले होते

माझी उंची १६० सेंटिमीटर. पहिली हायब्रिड घ्यायला गेले तेव्हा दुकानात एस साइज शिल्लक नव्हती. "मॅडम, एम घेऊन जा, सीट खाली करून देतो, काही फरक पडत नाही." वरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिले, दांडा आणि अंग यांच्यात चांगली तीन बोटं जागा राहिली. सीट खाली केली, पाय पुरले. मग काय, घेतली.

तिसऱ्या आठवड्यात फुटाळ्यावर चहाचा कप उचलायला गेले तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधीर. मग मानेत कळ. मी समजत होते, सवय नाही म्हणून होतंय. सवय झाली आणि दुखणं वाढलं.

चूक कुठे होती ते कळायला सहा महिने गेले. आजकालच्या फ्रेमचा वरचा दांडा मागच्या बाजूला उतरता असतो, त्यामुळे मोठ्या सायकलवरही उभं राहताना दांडा लागत नाही. दांड्यावर किती बोटं जागा राहते ही परीक्षा जुन्या, आडव्या दांड्याच्या सायकलींची. आता तिच्यावरून फक्त एवढंच कळतं की ब्रेक मारून उतरताना दुखापत होणार नाही. सायकल बसते की नाही ते ठरतं सीटपासून हँडलपर्यंतच्या अंतरावर. पायांसाठी सीट वरखाली करता येते, पण पुढचं अंतर फ्रेमने ठरवलेलं असतं. माझ्या सायकलवर ते तीन-चार सेंटिमीटर जास्त होतं. मी रोज तासभर ताणून बसत होते आणि धडाचं वजन तळहातांवर टाकत होते. करंगळीकडे जाणारी नस तळहाताच्या त्याच कडेवरून जाते.

उपाय सगळे केले. सीट पुढे सरकवली, तर गुडघ्याची वाटी दुखायला लागली. स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) आखूड बसवला, तर अंतर थोडं कमी झालं पण हँडल इतकं चपळ झालं की एका हाताने पाणी प्यायची सोय राहिली नाही. आठ महिन्यांनी अर्ध्या किमतीत विकली. म्हणून आता कुणी "सीट खाली करून देतो" म्हटलं की मी दुकानातून बाहेर पडते. तुम्हीही पडा.

माप असं घ्या. घरी, अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. पायांत अर्धा वीतभर अंतर. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, कणा वर करून, दोन्ही पायांमध्ये घाला आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं वर ओढा. पुस्तकाची कड भिंतीला काटकोनात टेकलेली हवी. कण्याच्या वरच्या कडेशी पेन्सिलने खूण करा, जमिनीपासून मोजा. दोनदा मोजा, पहिल्यांदा लाजून सगळेच कमी मोजतात. माझं ७३ सेंटिमीटर आलं. याला ०.८८ ने गुणायचं: ६४. पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची, सुरुवातीसाठी. पँटच्या लेबलवरचं माप इथे वापरू नका, ते शिंप्याचं आहे.

हा आकडा आणि मोजपट्टी घेऊन दुकानात जा. सीट आधी त्या उंचीला लावून घ्या. बसा, पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला तर उंची बरोबर. नेहमीच्या पद्धतीने पंजा ठेवलात की गुडघा आपोआप थोडा वाकेल. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत असा घरच्यांचा आग्रह असतो. तो ऐकू नका. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं असतं. बुडाखाली सीट ठेवून दोन्ही पाय टेकत असतील तर ती सीट तुमच्या गुडघ्यांना वर्षभरात संपवेल.

सीट लागल्यावरच पुढचं अंतर बघायचं. हँडल धरा. कोपर किंचित वाकलेलं, खांदे कानांपासून दूर. आता चालवत असताना दोन्ही तळहात क्षणभर उचलल्यासारखे सैल करा. पोटाच्या थोड्याशा ताकदीवर धड जागच्या जागी राहिलं तर अंतर ठीक. पुढे कोसळायला झालं तर सायकल लांब आहे. पूर्ण वळण घेताना गुडघे हँडलला लागत असतील तर ती आखूड आहे. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. लहान फ्रेमवर सीट वर नेता येते, स्टेम लांब करता येतो. मोठी फ्रेम कापता येत नाही.

आणि ही चाचणी दुकानासमोरच्या पार्किंगमधली एक चक्कर नव्हे. पंधरा मिनिटं तरी चालवा, त्यात एखादा उखडलेला तुकडा असू द्या. दुकानदार नाही म्हणाला तर ओळखपत्र ठेवून द्या. तरी नाही म्हणाला तर दुसरं दुकान. एम, एस ही अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, त्यामुळे भावजींच्या सायकलचं अक्षर तुमच्या कामाचं नाही.

टायर

इथेही थोडं थांबा. आपल्या सिमेंटच्या रस्त्यांना दर चार-पाच मीटरवर आडवे सांधे आहेत, ते फार तर टकटक करतात. धोका आहे तो उभ्या फटीचा: सिमेंटचा पाट संपतो आणि गट्टू सुरू होतात तिथली. मागून बस आली, तुम्ही डावीकडे सरकलात आणि २८ मिलिमीटरचा टायर त्या फटीत उतरला, तर हँडल तुमचं ऐकत नाही. म्हणून ३८ ते ४० मिलिमीटर. टायरच्या बाजूला उठावात ४०-६२२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. ६२२ म्हणजेच ७००सी, आणि २९ इंची एमटीबीचंही रिम तेच. म्हणजे पुढे टायर शोधताना हाताशी जास्त पर्याय.

मधोमध जवळजवळ गुळगुळीत आणि कडेला थोडी नक्षी असा टायर निवडा. गाठी-गाठींचे टायर डांबरावर नुसते घोंघावतात. हवा बाजूला छापलेल्या कमाल आकड्याइतकी कधीच भरू नका. मी ५८ किलोची, ४० च्या टायरला मागे ४५ आणि पुढे ४० पीएसआय ठेवते. वजन जास्त असेल तर पाच-दहा वाढवा.

मडगार्ड आणि टायरमध्ये बोट सहज फिरेल एवढी जागा आहे का, ते बघा. पावसाळ्यात पांदणीतली काळी माती पन्नास पावलांत चाक जाम करते. मी एकदा काटोल रोडपासून दीड किलोमीटर आत, तुरीच्या शेताशेजारी बसून काडीने माती उकरली आहे. चाक फिरेना, उचलावी तर सायकल दुप्पट जड. त्यानंतर पावसाळ्यात पांदण बंद. दिवाळीनंतर माती वाळते, तेव्हा सराटे तयार असतात. पंक्चररोधक पट्टी असलेला टायर घ्या, वजन थोडं वाढेल, वाढू द्या. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्या भाऊकडे हवा भरता येते. फक्त त्याला सांगा, थोडी थोडी भर.

गिअर आणि ब्रेक

नागपूर सपाट आहे. पुढे पेडलपाशी एकच दातेरी चकती आणि मागे आठ-नऊ गिअर पुरतात, सेमिनरी हिल्सलाही. पुढे तीन चकत्या म्हणजे चेन पडायची आणखी एक जागा. मागचा दातेरी चकत्यांचा संच आट्यांवर फिरवून बसवलेला (फ्रीव्हील) असण्याऐवजी हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीवर, सरकवून बसवलेला (कॅसेट) असेल तर उत्तम. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचा बेअरिंग आत सरकलेला असतो, बाहेरचा अ‍ॅक्सल (चाकाचा आस) आधाराविना राहतो आणि खड्ड्यांनी वाकतो.

ब्रेक: चांगले व्ही-ब्रेक (रिमला दाबणारे) वाईट डिस्कपेक्षा (चाकाच्या मध्यावरच्या चकतीला धरणाऱ्या) बरे. पावसातही रोज जाणार असाल तर डिस्क.

हेल्मेट, बेल, मागचा लाल दिवा त्याच दिवशी घ्या.

सायकल ताब्यात घेताना

दोन्ही चाकं उचलून फिरवा, रिम डुलत नाही ना बघा. सीट-पोस्टवर किमान किती आत असावा याची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. तुमच्या उंचीची खूण सीट-पोस्टवर टेप लावून करून ठेवा, नाहीतर पहिल्याच सर्व्हिसिंगला ती हलून येते. महिनाभराने गिअरच्या तारा सैल पडतात, ते नैसर्गिक आहे, तेव्हा नेऊन कसून घ्या.

आणि पेडल बसवताना समोर उभे राहा. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. घाईतला नवखा पोरगा ते नेहमीच्या दिशेने पान्ना लावून रेटतो, आटा खरवडतो, आणि पेडल गळून पडतं तेव्हा तुम्ही दुकानापासून बारा किलोमीटरवर असता. बोटांनी दोन-तीन वेढे सहज फिरले की मगच पान्ना लावू द्या.