चर्चमध्ये काम आहे? आधी ‘कोणते फादर’ ते ठरवा

इंदुरात चर्चचं काम निघालं की आधी चर्च कोणाचं ते बघा. लाल चर्च, म्हणजे सेंट फ्रान्सिस कॅथेड्रल, कॅथलिकांचं. व्हाइट चर्च सीएनआयचं, म्हणजे 1970 साली सहा मंडळ्या एकत्र येऊन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. रिक्षावाला दोन्हीकडे बरोबर पोचवतो, पण आतला कारभार वेगळा.

कॅथलिक धर्मगुरूंना ‘फादर’ म्हणायचं, लिहिताना ‘रेव्ह. फादर’. सीएनआयमध्ये ‘रेव्हरंड’ किंवा सरळ ‘पाळकसाहेब’. ते संसारी असू शकतात, त्यामुळे घरी गेलात तर पाळकीणबाईही भेटतील. पाळकसाहेबांना चुकून फादर म्हटलंत तर कोणी रागावत नाही, पण अर्जावर ‘प्रेस्बिटर इन चार्ज’ असंच लिहा.

घोळ जास्त होतो तो कॅथलिकांकडे. एका चर्चमध्ये दोन-तीन फादर असतात, पण पॅरिश प्रीस्ट, म्हणजे त्या पॅरिशचे (चर्चच्या हद्दीचे) मुख्य फादर, एकच. हिंदी पाटीवर ‘पल्ली पुरोहित’ लिहिलेलं दिसेल, ते हेच. बिशप त्यांना नेमतात आणि ठरावीक हद्दीतल्या सगळ्या कॅथलिकांची जबाबदारी त्यांच्यावर असते. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या त्यांच्या ताब्यात. दाखल्यावर सही त्यांची किंवा त्यांनी नेमलेल्याची, आणि खाली पॅरिशचा शिक्का. शाळेचे प्रिन्सिपल असलेले फादर कितीही ओळखीचे असले तरी हा दाखला ते देऊ शकत नाहीत. लग्नाचंही तसंच. ओळखीच्या फादरनी लग्न लावावं असं वाटत असेल तर जिथे लग्न होणार तिथल्या पॅरिश प्रीस्टकडून त्यांना आधी परवानगी हवी. ती नसेल तर चर्चच्या लेखी लग्न झालेलंच नसतं. अर्ज नावाने नको, पदाच्या नावे करा. फादरांची बदली होते, नोंदवही तिथेच राहते.

बाप्तिस्म्याचा दाखला हवा असेल तर आता ज्या पॅरिशमध्ये राहता तिथे नव्हे, बाप्तिस्मा जिथे झाला तिथे मागा. बाप्तिस्म्याच्या वेळचं नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख आणि अंदाजे वर्ष एवढं दिलं की नोंद सापडते. लग्नासाठी सहसा सहा महिन्यांच्या आतला दाखला मागतात. लोक घरचा जुना, लॅमिनेट केलेला कागद घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात. कारण साधं आहे: पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, विश्वास पक्का करण्याचा विधी) झालं, लग्न झालं, की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारी चढते. माणूस अविवाहित आहे का हे ताज्या दाखल्यावरूनच कळतं. नोंदवहीत एक नाव आणि आधारवर दुसरं असेल तर फादर खाडाखोड करत नाहीत, आणि तसा आग्रहही धरू नका. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचे कागद द्या. बिशप हाउसला, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाला, विचारून दुरुस्ती होते.

मुलगी देशपांड्यांची, मुलगा कॅथलिक, असं असेल तर तीन-चार महिने हाताशी ठेवा. मुलीने धर्म बदलायलाच हवा असं नाही. पॅरिश प्रीस्टमार्फत बिशपांकडे अशा आंतरधर्मीय लग्नासाठी सवलतीचा अर्ज जातो. आपला विश्वास जपीन आणि मुलांना कॅथलिक वळण देण्याचा शक्य तेवढा प्रयत्न करीन, हे वचन फक्त कॅथलिक बाजू देते. दुसरीला त्याची कल्पना दिलेली असते. आदल्या दिवशी कार्यालयात सप्तपदी आणि दुसऱ्या दिवशी चर्च, हा बेत मात्र फादरना पहिल्याच भेटीत सांगा. त्याच लग्नाची संमती दुसऱ्या धार्मिक विधीत पुन्हा देणं चर्चच्या कायद्यात बसत नाही. हॉलचे पैसे भरल्यावर हे कळलं की दोन्ही घरांत रुसवेफुगवे होतात. रिसेप्शनला कोणाची हरकत नसते. पत्रिकेत संध्याकाळची वेळ छापण्याआधीही विचारा: 1872 च्या ख्रिश्चन विवाह कायद्यात साधारणपणे सकाळी 6 ते संध्याकाळी 7 हीच वेळ आहे, अपवाद मोजके. दोन साक्षीदार लागतातच. धर्मांतर करायचंच असेल तर मध्य प्रदेशच्या 2021 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यातली जिल्हाधिकाऱ्यांना 60 दिवस आधी कळवण्याची अट आहे. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत, तेव्हा आधी वकील गाठा.

रविवारी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) सुटल्यावर फादरना घेरू नका. तेव्हा कोणालाही नीट उत्तर मिळत नाही. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, तर जाऊच नका. ऑफिसची वेळ फोनवर विचारून जा. देणगी द्यायची तर पावती घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि तारीख घालून घ्या, मधेच फादर बदलले तर नव्या फादरांपुढे तीच ठेवता येते.