राजीनाम्याआधी तीन आठवड्यांची वही

डोकं तापलेल्या दिवशी राजीनामा टाकू नका. ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अंगात चंचलता) किंवा डिस्लेक्सिया (वाचता-लिहिताना अडचण) असलेल्या माणसाला कामाचा ताण असह्य झाला की हे क्षेत्रच आपलं नाही असं वाटू लागतं. बऱ्याचदा क्षेत्र ठीक असतं, त्यातल्या दोन-तीन गोष्टी जीव खात असतात. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत पत्रा दाबणाऱ्या मशीनवरचा (प्रेस शॉपमधला) ऑपरेटर वैतागून लातूरच्या एखाद्या क्लासच्या ऑफिसात लागला, तर मशीनचा आवाज सुटतो आणि दिवसभर खणखणणारा फोन अन् काउंटरवरचे पालक मागे लागतात. त्रास तोच, वर पगार कमी.

म्हणून आधी शंभर पानी वही आणा. मोबाइल नको, नोंद करायला उघडला की रील सुरू होतात. वही तीन आठवडे लिहायची, कारण कामाची पाळी (शिफ्ट) दर आठवड्याला बदलत असेल तर तेवढ्यात तिन्ही पाळ्या येऊन जातात. दिवसातून तीनदा एवढंच: वेळ, काय करत होतो, आजूबाजूला काय चाललं होतं, अंगात ताकद दहापैकी किती उरली. झोपेचे तास समासात. नोंद अशी दिसते:

दु. ३.१० – रिजेक्शन रिपोर्ट (नापास मालाचा). लाइन चालू, सुपरवायझरने तीनदा उठवलं. ताकद ३.
सायं. ५ – तोच रिपोर्ट, स्टोअरच्या खोलीत दार लावून. ताकद ६.

रिपोर्ट नडत नाही, मध्येच उठवणं नडतं, हे या दोन ओळींतून कळतं. ‘आज दिवस वाईट गेला’ असं लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांच्या हाती शेवटी काहीच लागत नाही. तीन आठवडे झाले की ३ आणि त्याखालच्या नोंदींपुढे कारण लिहा: आवाज-उजेड-वास, माणसं, मध्येच उठवणं, तोंडी सूचना, पाळी. बहुतेकांच्या वहीत दोनच कारणं पुन्हापुन्हा येतात.

सुट्टीच्या दिवशीही ताकदीचा आकडा वर येत नसेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर करिअरचा विचार बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचार विभागात जा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात दाखवता येतं. जगणं नको असे विचार येत असतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही.

वहीतलं कारण सापडलं की ते आहे त्या नोकरीतच दूर होतं का बघा. एका वेळी एकच मागणी, मुदत चार आठवडे, आणि लेखी. “मला आवाज सहन होत नाही” म्हटलं की “बाकीच्यांना होतो तो?” हे उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा असं लिहा: “कामाच्या सूचना व्हॉट्सॲपवर लिहून मिळाल्या तर माझ्या चुका कमी होतील. चार आठवडे करून बघू, मग रिजेक्शनचा आकडा पाहू.” खासगी कंपनीत निदान सांगायची घाई नको, काय हवं ते सांगितलं तरी काम होतं, आणि एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही.

सरकारी नोकरीत मात्र कागद कामाला येतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत. ऑटिझम, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार त्यात येतात, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ४ टक्के आरक्षणात बसता येतं. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणाने काढता किंवा पदावनत करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन होतो.

एवढं करूनही आकडा हलला नाही, तरच क्षेत्र बदला. ऑटिझम म्हणजे कॉम्प्युटरच, ही समजूत सोडा; कॉल सेंटरसारखं चालणारं आयटीही असतं. वहीतली कारणं समोर ठेवून काम निवडा. उदाहरणार्थ जालन्याकडची बियाणे तपासणी. शंभर-शंभर दाण्यांचे चार संच ओल्या कागदात ठेवायचे, सोयाबीन असेल तर पाचव्या आणि आठव्या दिवशी उगवलेले मोजायचे, रोप सामान्य की विकृत ते नोंदवायचं. नियम लिहिलेले, खोली शांत. पण खरिपाच्या तोंडावर नमुन्यांचा ढीग पडतो, तेव्हा तेच काम घाईचं होतं. म्हणून कोणतंही काम ऐन हंगामात दोन दिवस तरी बसून बघा आणि तिथल्या माणसाला विचारा: दिवसातून किती वेळा उठावं लागतं? सूचना कोण देतो, तोंडी की लेखी? पाळी किती दिवसांनी बदलते?

आता पैसा. घरखर्च आणि हप्ते मिळून सहा महिन्यांची रक्कम बाजूला हवी. शेताचं उत्पन्न यात धरू नका. पाऊस तुमच्या नोटीस पिरियडला बांधील नाही. नोकरीची पाच वर्षं भरायला दोन-तीन महिने उरले असतील तर तेवढे काढा: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० असेल तर १५/२६ च्या हिशेबाने (महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार) पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ५१,९०० होते. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक) नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांआधी काढला तर कर लागतो. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःचा आधी घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारही इतर आजारांसारखाच विम्यात धरावा लागतो, पण आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

घरी सांगताना “मला जमत नाही” म्हणू नका. शिल्लक किती, नवं काम कधीपासून, पगार किती, हे कागदावर मांडा. वडील पगाराच्या आकड्यावर वाद घालतील, तो परवडतो. तुमच्या स्वभावावरचा वाद मिटत नाही.

नोकरी, गाव आणि गोळ्या एकाच महिन्यात बदलू नका. पुण्याला जाणार असाल तर गोळ्या तिथे कुठे मिळतात ते आधी शोधा. एडीएचडीची मिथाइलफेनिडेट ही गोळी प्रत्येक औषध दुकानात मिळत नाही. नव्या जागी सहाव्या आठवड्यात वही पुन्हा आठ दिवस लिहा आणि जुन्या पानांशेजारी ठेवा. आकडे तेच असतील तर आधी समासातले झोपेचे तास बघा.