कोबी-फ्लॉवरसाठी जमीन तयार करताना

कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली ही सारी मोहरीच्या कुळातली पिके आहेत. त्यांना भरपूर अन्न आणि पाण्याचा चांगला निचरा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र मुळांना घट्ट धरून ठेवणारी मातीही लागते, याकडे दुर्लक्ष होते. गाजरासाठी करतो तशी भुसभुशीत माती तशीच ठेवून लागवड केली, तर वाढलेली रोपे आपल्याच वजनाने कलतात. म्हणून माती आधी मोकळी करून मग ती बसू द्यायची असते, आणि त्यासाठी ऑक्टोबरमधील लागवडीचे काम सप्टेंबरात, पावसाची उघडीप मिळताच सुरू करावे.

जागा निवडताना गेल्या तीन वर्षांत तिथे याच कुळातले काही नव्हते ना, हे आठवून पाहावे. मुळा आणि मोहरीही त्यात मोजावी. पावसाळ्यात मूग किंवा चवळी घेतलेला वाफा सर्वांत चांगला. झाडे जमिनीलगत कापून घ्यावीत आणि मुळे मातीतच राहू द्यावीत. निचऱ्याविषयी शंका असेल, तर ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले, तर सपाट वाफ्याचा नाद सोडून ६० सेंटिमीटर अंतरावर सरी-वरंबे काढावेत. भारी काळ्या जमिनीत बहुधा हेच करावे लागते.

खोदाई वाफशावरच, म्हणजे माती ना चिकट ओली ना कोरडी असताना, करावी. मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोटाने टोचताच फुटला, तर वाफसा आला असे समजावे. चिकट काळी माती ओली असताना खणली, तर त्या ढेकळांशी पुढे महिनाभर झगडावे लागते. २० ते २५ सेंटिमीटर खोल खणून दहा चौरस मीटरला २० ते २५ किलो कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेण घालू नये, कारण त्याने मुळे खाणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रण मिळते. मुरलेल्या खताला शेणाचा नव्हे, तर मातीचा वास येतो.

आता चुन्याविषयी. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत कोबीच्या वाफ्यात चुना घालण्याचा सल्ला हमखास असतो. थंड प्रदेशातील आम्लधर्मी जमिनीत मुळांवर गाठी आणणारा रोग त्याने आटोक्यात राहतो, म्हणून तो तिथे योग्यच आहे. या पिकांना सामू (मातीची आम्लता दाखवणारा पीएच आकडा; तो जितका कमी तितकी माती आम्लधर्मी) साधारण ६ ते ७ मानवतो. कोकणातील जांभ्या जमिनीचा सामू याहून कमी असू शकतो, तेव्हा तिथे माती परीक्षणानुसार लागवडीच्या महिनाभर आधी चुना द्यावा. मात्र तो शेणखत किंवा युरियासोबत देऊ नये, कारण त्यामुळे नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. देशावरील काळ्या जमिनीत मुळातच चुनखडी असते. तिथे चुना घालणे म्हणजे पैसे देऊन नुकसान विकत घेणे होय.

अशा चुनखडीयुक्त जमिनीत खरी उणीव बोरॉनची भासते. फ्लॉवरचा दांडा आतून पोकळ होणे आणि गड्डा तपकिरी पडणे ही तिची लक्षणे आहेत. दहा चौरस मीटरला केवळ १० ते १५ ग्रॅम बोरॅक्स कोरड्या मातीत मिसळून सारखे पसरावे. हे मोजूनच घ्यावे, कारण जास्त झालेले बोरॉन पिकाला विषासारखे बाधते.

त्यानंतर वाफ्याला पाणी देऊन दोन-तीन आठवडे तो तसाच ठेवावा. उगवलेले तण वरच्यावर खुरपून टाकावे. पुन्हा खोल खणू नये. लागवडीच्या वेळी दहा चौरस मीटरला अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट, सव्वाशे ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश आणि दीडशे ग्रॅम युरिया वरच्या थरात मिसळावा व तेवढाच युरिया महिन्याने पुन्हा द्यावा. सुपर फॉस्फेट मुद्दाम सुचवले आहे, कारण त्यातून या कुळाला हवे असलेले गंधकही मिळते.

शेवटी वाफसा असताना टाचेने हलके दाबत वाफ्यावरून एकदा फिरावे आणि दाताळ्याने वरचा थर सारखा करावा. ओल्या मातीत मात्र हे करू नये. रोप लावल्यावर बुंध्याभोवतीची माती बोटांनी दाबावी आणि एका पानाचे टोक धरून हलकेच ओढून पाहावे. रोप उपटून न येता पानच फाटले, तर माती पुरेशी बसली आहे.