ब्राउझरला नाव विचारू नका: जावास्क्रिप्ट लिहिताना या चुका टाळा

'माझ्याकडे क्रोममध्ये नीट चालतंय' असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, कन्सोल (ब्राउझर कोडमधल्या चुका दाखवतो ती खिडकी) उघडून पाहिलंस का? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. कॅशे साफ करून झालेली असते, लायब्ररी बदललेली असते, कुठला तरी कोड आणून चिकटवलेला असतो. कन्सोलमधली पहिली लाल ओळ तेवढी वाचायची राहते. पहिलीच वाचा, कारण खालच्या ओळी बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

सगळ्यात महागात पडते ती ब्राउझरचं नाव बघून कोड लिहिण्याची सवय. एका कामात सर्व्हरकडून '2019-03-05 10:30:00' अशी तारीख यायची आणि ती तशीच न्यू डेटला (जावास्क्रिप्टमध्ये तारीख बनवणाऱ्या कोडला) दिली जायची. क्रोम ती चालवून घ्यायचा, त्या वेळची सफारी मात्र 'इनव्हॅलिड डेट' दाखवायची. टीममधल्या एका नव्या मुलाने घाईघाईत तोडगा काढला: यूजर एजंटमध्ये (ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो त्या मजकुरात) 'सफारी' सापडलं, तर मधल्या मोकळ्या जागी 'टी' आणि शेवटी 'झेड' जोडायचा. त्या 'झेड'मुळे वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली गेली आणि काही तासांनी सरकली. त्यात क्रोम आणि एजच्या यूजर एजंटमध्येही 'सफारी' हा शब्द असतोच, त्यामुळे जिथे काही बिघडलं नव्हतं तिथेही वेळा चुकल्या. आधीची चूक निदान दिसत तरी होती. ही कळली ती ग्राहकांच्या तक्रारी आल्यावर.

मी तारीख ब्राउझरच्या समजुतीवर कधीच सोडत नाही. वर्ष, महिना, दिवस, तास असे आकडे वेगळे काढून देतो, महिन्यातून एक वजा करून, कारण तिथे जानेवारी म्हणजे 0. चार ओळी जास्त लागतात, लागू देत.

यूजर एजंटवर विसंबण्यात मुळातच अर्थ नाही. 2009 मध्ये ऑपेरा 10 ला तिथे 9.80 लिहावं लागलं, कारण कित्येक साइट आवृत्तीचा पहिलाच अंक वाचत होत्या. हवी ती सोय आहे का, हे थेट तपासा: उदाहरणार्थ विंडोवर इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर (पानावरचा भाग पडद्यावर दिसू लागला का, हे सांगणारी सोय) असेल तर वापरा, नसेल तर साधा मार्ग घ्या.

नवं व्याकरण मात्र असं तपासता येत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरात नमुना शोधण्याच्या भाषेतलं) लुकबिहाइंड, म्हणजे 'याच्या आधी अमुक असेल तरच' ही अट, सफारीत 16.4 मध्ये, म्हणजे 2023 साली आलं. त्याआधीच्या सफारीत असा एक पॅटर्न थेट कोडमध्ये लिहिलेला असला, तर अख्खी फाइल चालत नाही आणि त्याच फाइलमधला चूक पकडणारा ट्राय-कॅचही कामाला येत नाही, कारण चूक कोड सुरू होण्याआधीच, वाचतानाच लागते.

बाबेल (कोडचं रूपांतर करणारं साधन) नवं व्याकरण जुन्यात उतरवतो. ब्राउझरमध्ये नसलेल्या मेथडसाठी पॉलिफिल (ती उणीव भरून काढणारा कोड) वेगळं घालावं लागतं.

आयफोनवरच्या क्रोममध्ये पाहिलं म्हणजे क्रोम तपासला असं नाही, आत वर्षानुवर्षं वेबकिट हे सफारीचं इंजिनच चालत आलं आहे.

सॉर्टला (यादी क्रमाने लावताना) दिलेल्या तुलनेच्या फंक्शनमधून खरं-खोटं परत करू नका. ऋण, शून्य किंवा धन आकडा द्या. छोट्या यादीवर जुन्या क्रोममध्ये ते निभावून जायचं, पण क्रोम 70 मध्ये सॉर्टची आतली पद्धत बदलली आणि अशा याद्यांचा क्रम बिघडला.