शाळेचं जुनं दार वाचायचं कसं

जुन्या शाळेचं रंगकाम निघालं की आधी कड्या-बिजागऱ्या उपटून भंगारात जातात. मी ठाण्यात सुतारकाम करतो, जुनी दारंच जास्त. हे पाहिलं की जीव तुटतो. बांधकामाचे कागद कधीच गहाळ झालेले असतात, दारावरचं लोखंड मात्र जागेवर असतं. म्हणून रंगारी यायच्या आधी मुख्याध्यापकांना विचारून दारं तपासून घ्या. बॅटरी, लोहचुंबक, टेप आणि मोबाईल पुरे.

सुरुवात चौकटीपासून करा. बॅटरी लाकडाला टेकवून तिरकी धरलीत की बुजवलेली भोकं आणि काढलेल्या कडीचा खळगा रंगाखालूनही उठून दिसतो. भिंतीत अडसर सरकवायची चौकोनी पोकळी सापडली तर थांबून नीट बघा. वर्गाला आतून अडसर कशाला लागेल? तिथे आधी कुणाचं तरी राहतं घर असावं, शाळा मागून आली. कोयंडा फक्त बाहेरून असेल तर खोलीला सुटीनंतर कुलूप लागायचं. कमरेच्या उंचीला जुनी भोकं आणि कडी पार वर नेलेली दिसली, तर मला तिथे लहान मुलांचा वर्ग बसत असावा असं वाटतं.

मग स्क्रू. डोक्यावरचा रंग हलक्या हाताने खरवडा. फुलीची चीर १९३० च्या दशकात आली, म्हणजे तो स्क्रू त्यानंतरचा. सरळ चीर आजही मिळते, त्यामुळे तेवढ्यावर दार जुनं ठरवू नका. बिजागरीखाली भोकांचा एकच संच आहे का, तेही बघा. दोन संच असतील तर बिजागरी बदललेली आहे. पितळी दिसणाऱ्या कडीला चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. कुलपावर गोदरेजचं नाव असेल तर ते १८९७ नंतरचं. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी कुलपं करायला घेतली.

दार कुठे उघडतं, हे मी सगळ्यात जास्त वेळ बघतो. १८८३ मध्ये इंग्लंडात संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये जिन्याखालचं दार आतल्या बाजूने उघडणारं होतं, त्यात ते बोल्ट लावून जेमतेम फटीएवढं उघडं ठेवलेलं. खेळ संपल्यावर बक्षिसं घ्यायला धावलेली १८३ मुलं तिथे चेंगरून गेली. त्यानंतर आतून ढकलताच उघडणारे बोल्ट निघाले. आपल्या शाळेत चौकटीच्या एका बाजूला बिजागरीच्या जुन्या खाचा आणि दुसऱ्या बाजूला आजची बिजागरी दिसली, तर दार फिरवून बसवलंय. का फिरवलं, ते जुन्या शिपायाला विचारा, त्याला बहुधा ठाऊक असतं.

काढायचंच असेल तर आधी टेप लावून फोटो घ्या. प्रत्येक दाराचं सामान वेगळ्या कापडी पिशवीत घाला, स्क्रूसकट. चिठ्ठीवर खोलीचा नंबर आणि डावी-उजवी फळी पेन्सिलीने लिहा, कारण पावसाळ्याच्या दमटीत शाई पसरते.