जुन्या डायव्हर घड्याळाची परीक्षा अंधारात घ्या

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एखाद्या घड्याळजीकडे १९७०च्या दशकातलं स्विस डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ, दिसलं, तर आधी डायलच्या तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ आहे का बघा. ती ट्रिटियमची खूण, म्हणजे डायलवरचे ठिपके आणि काटे अंधारात चमकवणाऱ्या किरणोत्सारी पदार्थाची. ट्रिटियमची किरणं साधारण १२ वर्षांत निम्मी होतात, म्हणून आज ते ठिपके अंधारात जवळपास विझलेले असतात. टॉर्च मारली तरी उजेड टिकत नाही. रात्रभर लख्ख चमकत असतील, तर रंग नंतर भरलेला आहे. ठिपके पिवळसर आणि काटे पांढरेफटक असतील, तर काटे बहुधा बदललेत. घड्याळाच्या केसला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, पॉलिश मात्र अजिबात करू देऊ नका, कडांच्या गेलेल्या धारा परत येत नाहीत. आणि अस्सल निघालं तरी पंचगंगेत पोहताना घालू नका. जुनं रबरी वायसर पाणी अडवत नाही.